लोखंड पोटात झालं की तारा मरतो म्हणे. फौंड्रीवाल्याला कुणी समजावेल काय?

हीट_नंबर_तीन | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. पंचवीस वर्षं झाली, कोल्हापुरात आधी उद्यमनगरात आणि आता शिरोलीत भट्टीवर आहे. लोखंडाचा रस ओतण्यातच जन्म गेला. पोरगी नववीला. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, ताऱ्याच्या पोटात लोखंड झालं की तो मरतो आणि त्याचं कृष्णविवर होतं." मी म्हटलो, लोखंडानं कोण मरतंय? लोखंडावर तर आपलं घर चाललंय. त्यावर म्हणते, "जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं."

लागलं की हो मनाला.

तिची वही बघितली. नरसाळ्यासारखं चित्र, खाली निमुळतं, आजूबाजूच्या चांदण्या त्यात गळून पडतायत. खाली लिहिलंय, कृष्णविवर म्हणजे अवकाशातला व्हॅक्यूम क्लीनर.

आता माझं दुखणं असं. आम्ही रस ओततो चौदाशे-साडेचौदाशे डिग्रीला. सूर्याचं नुसतं वरचं कातडंच साडेपाच हजार. तिथं लोखंड टाकलं तर वाफ होऊन जाईल, ते सूर्याला काय मारणार? दुसरं म्हणजे, आमच्यातही विवर होतं. रायझर, म्हणजे जादा रसाचा साठा, कमी पडला की कास्टिंग थंड होताना आतल्या आत आकसतं आणि पोटात पोकळी राहते. वरून माल एकदम चकाचक. मशीन शॉपला गेला, टूल लागलं की भोक उघडं पडतं आणि आख्खा लॉट रिजेक्ट. ताऱ्याचं पण असंच काही होतं काय?

गणित नको. बाकी कितीही सांगा, रविवार आहे.

नुसताच_वाचक | शनिवार, रात्री ११:५२

खुर्ची टाकून बसलोय.

अण्णा_शिवाजीपेठ | रविवार, सकाळी ७:१०

कृष्णविवर बघायला एवढं लांब कशाला जायचं? पावसाळ्यात आमच्या गल्लीत या. दोन स्कूटरी आणि एक दूधवाला आत गेलाय. दूधवाला निघाला, दूध नाही निघालं.

मास्तरीणबाई | रविवार, सकाळी ९:३५

हीट दादा, तुमचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, असा प्रश्न वर्गात फार कमी वेळा आला. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमचं बरोबर आहे. नुसतं लोखंड टाकून तारा मरत नाही. सूर्यात आजसुद्धा पृथ्वीच्या शेकडो पट वजनाचं लोखंड वाफेच्या रूपात फिरतंय आणि सूर्य ठणठणीत आहे. लोखंड विष नव्हे, राख आहे. भट्टीत राख साचली म्हणून भट्टी विझते का जळण संपलं म्हणून? जळण संपतं, राख ही त्याची खूण.

तारा म्हणजे दोन पैलवानांची झटापट समजा. एकाचं नाव वजन. तो ताऱ्याचा सगळा माल आत दाबतोय. दुसरा म्हणजे आतली उष्णता, ती बाहेर रेटतेय. खासबागेत कुस्ती फार तर तासभर चालेल, ही कोट्यवधी वर्षं बरोबरीत चालते. पण वजन नावाचा पैलवान कधी दमत नाही. उष्णतेला मात्र रोज खुराक लागतो.

खुराक कसला? हलके अणुगर्भ एकमेकांत मिसळून जड अणुगर्भ होतात, तेव्हा ऊर्जा सुटते. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानातला साधारण ०.७ टक्के भाग ऊर्जा होऊन जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सूर्य त्याच नफ्यावर ४६० कोटी वर्षं चाललाय आणि अजून तेवढाच चालेल. हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, जास्त तापतो आणि कालची राख आजचं जळण होते. हेलियमचा कार्बन होतो. सूर्याची ताकद तिथंच संपते. त्याहून फार वजनदार ताऱ्यात मात्र हा खेळ पुढं चालतो: कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. कांद्यासारखे थर बसतात, सगळ्यात हलकं वर, सगळ्यात जड मध्ये.

आता गंमत बघा. सूर्याच्या पंचवीस पट वजनाचा तारा घ्या. हायड्रोजन त्याला सुमारे सत्तर लाख वर्षं पुरतो. हेलियम काही लाख वर्षं. कार्बन सुमारे सहाशे वर्षं. निऑन वर्षभर. ऑक्सिजन सहा महिने. आणि सिलिकॉन जवळजवळ एक दिवस.

एक दिवस! सत्तर लाख वर्षं जगलेल्या ताऱ्याचं शेवटचं सरण चोवीस तासांत संपतं.

सिलिकॉन संपला की मध्ये लोखंडाच्या घराण्यातले अणुगर्भ उरतात. इथपर्यंत प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याला, नफा होता, कमी होत गेला पण नफाच. लोखंडाचे अणुगर्भ इतके घट्ट बांधलेले असतात की ते आणखी जोडायचे तर ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. धंदा तोट्यात. खुराक बंद.

हीट_नंबर_तीन | रविवार, सकाळी १०:०५

मॅडम, थांबा थांबा. सिलिकॉन आणि कार्बन? ग्रे कास्ट आयर्न म्हणजे काय ते सांगू? लोखंड, त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि दोनेक टक्के सिलिकॉन. रस लॅडलमध्ये घेताना वरून फेरोसिलिकॉनची मूठ टाकतो आम्ही, नाहीतर कास्टिंग कडक होतं, टूल मोडतं. म्हणजे ताऱ्याच्या शेवटच्या दिवसातला माल आमच्या लॅडलमध्ये एकत्र येतो म्हणायचा!

अंगावर काटा आला बघा.

मास्तरीणबाई | रविवार, सकाळी १०:५०

आला पाहिजेच. पुढचं ऐका.

खुराक बंद झाला तरी लोखंडाचा गाभा लगेच कोसळत नाही. त्याला इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. इलेक्ट्रॉनचा स्वभाव असा की एका आसनावर एकच बसणार, कितीही दाबा. हा रेटा उष्णतेचा नसतो, गार झालं तरी टिकतो. सूर्यासारखे तारे शेवटी या रेट्यावरच श्वेतबटू, म्हणजे जळण संपलेला लहानसा घट्ट गोळा, होऊन निवांत पडून राहतात. पण यालाही मर्यादा आहे. गाभ्याचं वजन सूर्याच्या साधारण १.४ पट. एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरनं १९३० साली बोटीतून इंग्लंडला जाताना हा हिशेब मांडला. तिथल्या बड्या शास्त्रज्ञानं, एडिंग्टननं, भर सभेत त्याची टर उडवली. नोबेल मिळालं १९८३ ला.

कोल्हापूरकरांना हे समजायला अवघड नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. ताऱ्याच्या गाभ्याची इशारा पातळी १.४. ती ओलांडली की इलेक्ट्रॉन हात टेकतात.

आणि मग जे होतं ते एका सेकंदाच्या आत. तापमान इतकं की प्रकाशकणच लोखंडाचे अणुगर्भ फोडायला लागतात. लाखो वर्षं खपून जे जोडलं ते पळभरात पुन्हा हेलियम आणि न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात, म्हणजे ज्याच्या खांद्यावर छत होतं तोच गायब. पृथ्वीएवढा गाभा सेकंदाला सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं आत कोसळतो. उरतो तो फार तर कोल्हापूर ते पन्हाळा एवढा गोळा, वीसेक किलोमीटर रुंद. न्यूट्रॉन तारा.

न्यूट्रॉनही एका आसनावर एकच बसतात, शिवाय जवळ आले की एकमेकांना जोरात ढकलतात. त्यांची धोका पातळी सूर्याच्या दोन ते तीन पटींच्या मध्ये कुठंतरी. वरून पडणारा माल या गोळ्यावर आपटून उसळतो, तोच स्फोट. त्यात वरचे थर उडून गेले तर न्यूट्रॉन तारा टिकला. स्फोट फसला, वरचा माल परत अंगावर पडला आणि वजन धोका पातळीच्या वर गेलं, तर पुढं रोखणारा पैलवानच शिल्लक नाही. तेच कृष्णविवर.

सांगलीकर | रविवार, सकाळी ११:२०

मॅडम, उत्तम. पण बंधाऱ्याची उपमा एका जागी गळते. पूर ओसरतो. कृष्णविवर ओसरत नाही.

मास्तरीणबाई | रविवार, सकाळी ११:२६

सांगलीकरांनी पुराबद्दल बोललेलं नेहमी ऐकून घ्यावं. मान्य.

(हॉकिंगच्या हिशेबानं तेही अतिशय सावकाश ओसरतं. पण ताऱ्याएवढ्या कृष्णविवराला लागणारा काळ इतका अफाट आहे की तुमचंच खरं धरू.)

बावड्याचा_पोहणारा | रविवार, दुपारी १२:१५

व्हॅक्यूम क्लीनरचं मला कधीच पटलं नाही, पण बंधाऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो.

पाठीला डबा बांधून नदीत पोहायला शिकलेली आमची पिढी. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी असं की तळ्यात पोहतोय वाटावं. पण पाणी बंधाऱ्यावरनं जायला लागलं की आबा काठावर उभे राहून ओरडायचे, "त्या बाभळीच्या पुढं जायचं न्हाई." पोरांना कळायचं नाही. बाभळीपाशी पाण्यावर रेघ नव्हती, फेस नव्हता, भोवरा नव्हता. अलीकडं जसं पाणी तसंच पलीकडं. फरक एकच, अलीकडं तू पाण्यापेक्षा जोरात, पलीकडं पाणी तुझ्यापेक्षा जोरात. बाभळ ओलांडली त्या क्षणी काही होत नाही. तू मजेत हात मारत असतोस. फक्त माघारी येता येत नाही.

हे घटना क्षितिज म्हणतात ते असंच काहीतरी असावं असं मला वाटतं. चुकलं असेल तर मॅडमनी छडी मारावी.

मास्तरीणबाई | रविवार, दुपारी १२:४०

छडी कसली, माझ्या वर्गात यायला हवं होतं तुम्ही. एवढंच जोडते की तुमच्या जागी पोहणारा म्हणजे प्रकाश. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. जिथं त्यालाही माघारी येता येत नाही ती बाभळ म्हणजे क्षितिज. कार्ल श्वार्झशिल्डनं १९१६ ला आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या समीकरणांचं जे उत्तर काढलं, त्यातून ही बाभळ किती अंतरावर ते निघतं. सूर्याएवढ्या वजनाला ३ किलोमीटर. पृथ्वीएवढ्या वजनाला ९ मिलिमीटर, म्हणजे आख्खी पृथ्वी एका गोटीत.

आणि वहीतल्या चित्राबद्दल: वर घाटावर धुणं धुणाऱ्या बाईला बंधाऱ्याचा काही त्रास होतो का? तसंच. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरत राहील. गारठून मरू ते वेगळं. क्षितिजाच्या तिप्पट अंतरापर्यंत तर वस्तू स्थिर कक्षेत फिरू शकते, हे न फिरणाऱ्या कृष्णविवराचं सांगतेय. आपल्या आकाशगंगेच्या मध्यात सूर्याच्या चाळीस लाख पटींहून जास्त वजनाचं कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती एस-टू नावाचा तारा दर सोळा वर्षांनी फेरी मारतो. जवळून जातो, परत लांब जातो. गेन्झेल आणि गेझ या खगोलशास्त्रज्ञांनी असे तारे वर्षानुवर्षं बघून ते वजन काढलं आणि २०२० चं नोबेल घेतलं, अर्धं पेनरोझ यांना त्यांच्या गणितासाठी. क्लीनर असता तर एस-टू कधीच पिशवीत गेला असता.

विज्ञानप्रेमी९९ | रविवार, दुपारी १:३०

स्वित्झर्लंडच्या त्या कण एकमेकांवर आदळवायच्या मशीनमध्ये कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळणार होतं त्याचं काय झालं?

अण्णा_शिवाजीपेठ | रविवार, दुपारी १:३४

भावा, मशीन २००८ लाच सुरू झालं. रंकाळ्यावर भेळ अजून मिळते. पुढं?

अण्णा_शिवाजीपेठ | रविवार, दुपारी १:५८

आता जरा गंभीर होतो, कारण कोल्हापूरचा मान राहिलाच. विष्णू वासुदेव नारळीकर मूळचे कोल्हापूरचे, जन्म १९०८. पुढं बनारसला गणिताचे प्राध्यापक. प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा गुजराती तरुण १९४२ ला त्यांच्याकडं शिकायला गेला. श्वार्झशिल्डच्या उत्तरातला तारा मुकाट बसलेला, काही बाहेर टाकत नाही. खरा तारा तर उजेड फेकत असतो, त्यात त्याचं वजन घटत असतं. अशा ताऱ्याभोवतीचं गुरुत्व कसं असेल याचं उत्तर वैद्यांनी १९४३ ला काढलं. कोसळणाऱ्या ताऱ्याचं गणित करणारे जगभरचे लोक आजही 'वैद्य मेट्रिक' वापरतात. नारळीकर सरांचा मुलगा जयंत, जन्म १९ जुलै १९३८, तोही इथंच कोल्हापुरात. ते गेले २० मे २०२५ ला. पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेच्या आवारात त्यांचं भाषण ऐकायला एकदा गेलो होतो. एका शाळकरी पोराला त्यांनी जितका वेळ दिला तितका आमच्या नगरसेवकानं मला पाच वर्षांत दिला नाही.

औंढेकर | रविवार, दुपारी ३:१०

आमच्याकडं हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, गुरुत्वाच्या लहरी पकडणारं यंत्र. एकमेकांना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांना पहिली लहर लागली: सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट अशी दोन कृष्णविवरं एकमेकांत गेली, झालं ६२ पटींचं. बेरीज करा. तीन सूर्यांचं वजन सेकंदाच्या काही भागात लहरी होऊन गेलं.

हीट_नंबर_तीन | रविवार, दुपारी ४:२०

तीन सूर्यांचं मेल्टिंग लॉस! आमचा मालक दोन टक्क्याला ओरडतो.

पोरीला सगळा धागा वाचून दाखवला. बाभळीची गोष्ट आवडली. मी तिला छातीठोक सांगितलो की आपल्या कढईतलं, तव्यातलं लोखंड अशाच कोसळलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातनं आलंय. बरोबर ना?

अभ्रक | रविवार, संध्याकाळी ५:०५

दादा, इथं थांबवतो. गाभ्यातलं लोखंड तुमच्या तव्यात येऊच शकत नाही. ते तर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे फुटलं, न्यूट्रॉन झालं आणि खाली अडकलं. ज्या लोखंडानं तारा कोसळला ते तिथंच गाडलं गेलं.

आपल्याकडचं लोखंड वेगळ्या वाटेनं येतं. स्फोटाची लाट गाभ्याच्या वरच्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या थरांतून जाताना निकेल-५६ तयार होतं. त्याचं काही दिवसांत कोबाल्ट-५६ होतं आणि त्याचं काही महिन्यांत लोखंड-५६. अतिनवतारा, म्हणजे असा फुटलेला तारा, आठवडेच्या आठवडे चमकत राहतो तो बराचसा याच किरणोत्सारामुळं. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला, तेव्हा उजेड हळूहळू उतरताना नेमकी कोबाल्टची चाल दिसली. (उजेडाच्या काही तास आधी जपानच्या कामिओकांडे यंत्रात डझनभर न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडणारे बारीक कण, लागले होते. गाभा कोसळल्याची वर्दी आधी, रोषणाई नंतर.)

आणि मोठा वाटा तर या ताऱ्यांचाही नाही. जोडीदाराचा माल घेऊन किंवा त्याच्यावर आदळून श्वेतबटू फुटतो, तेव्हा सगळाच्या सगळा उडतो, मागं काही उरत नाही. विश्वातलं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोखंड या श्वेतबटूंनी दिलंय. म्हणजे तुमचा तवा बहुतेक अशा ताऱ्याची देणगी आहे जो कृष्णविवर झालाच नाही.

मास्तरीणबाई | रविवार, संध्याकाळी ५:३०

अभ्रक, शंभर टक्के बरोबर. मी वर हे सांगायला हवं होतं. अंगावर काटा येऊ दिला आणि दुरुस्ती राहून गेली.

हीट_नंबर_तीन | रविवार, संध्याकाळी ५:४८

आता पोरीपुढं माफी मागणं आलं. आणि माझा दुसरा प्रश्न राहिला. आतनं पोकळ असतं का नाही?

अभ्रक | रविवार, संध्याकाळी ६:१५

पोकळी म्हणजे माल कमी पडला. इथं उलट, सगळा माल आत आहे, पण नेमका कसा आणि कुठं ते आजच्या गणितानं सांगता येत नाही. 'विवर' या शब्दानं घोटाळा केलाय. मला विचाराल तर 'बाभळ' शब्द जास्त चांगला.

घनतेचा एक चमत्कार सांगतो, तुम्ही रोज पोरॉसिटी बघणारे म्हणून. वजन भागिले क्षितिजाच्या गोळ्याचं घनफळ असा सरळ हिशेब करा. सूर्याएवढ्या कृष्णविवराचा आकडा अफाट येतो, अणुगर्भापेक्षाही जास्त. पण वजन दुप्पट केलं की त्रिज्या दुप्पट होते आणि घनफळ आठपट, म्हणून घनता चौथाईवर येते. १० एप्रिल २०१९ ला ज्याचा पहिला फोटो आला, ते एम-८७ मधलं कृष्णविवर सूर्याच्या ६५० कोटी पट. त्याची सरासरी घनता निघते आपल्या श्वासातल्या हवेपेक्षा कमी. त्याची बाभळ ओलांडताना तुम्हाला साधा धक्काही बसणार नाही.

सांगलीकर | रविवार, संध्याकाळी ६:२२

हवेपेक्षा हलकं आणि तरी उजेड सुटत नाही. आज रात्री झोप गेली.

हीट_नंबर_तीन | रविवार, रात्री ९:१०

माफी मागितली. पोरीनं मोठ्या मनानं दिली आणि लगेच पुढचा गुगली टाकला. "मग ते आत गाडलेलं लोखंड अजून लोखंडच आहे का? बाहेरनं कळेल का की हे कृष्णविवर लोखंडाचं आणि ते दुसऱ्या कशाचं?" मी म्हटलो उद्या सांगतो. मॅडम, इज्जतीचा सवाल आहे.

मास्तरीणबाई | रविवार, रात्री ९:४०

नाही कळणार. बाहेरून तीनच गोष्टी मोजता येतात: वजन किती, स्वतःभोवती फिरतंय किती आणि विद्युतभार किती. लोखंडाचा तारा कोसळला, सोन्याचा कोसळला का आख्खी शिवाजी पेठ आत गेली, या तीन नोंदी सारख्या असतील तर बाहेरच्या माणसाला दोन कृष्णविवरांत काडीचा फरक दिसत नाही.

अण्णा_शिवाजीपेठ | रविवार, रात्री ९:४४

पेठेला का मध्ये ओढता?

हीट_नंबर_तीन | रविवार, रात्री १०:०२

तीनच नोंदी?

मॅडम, आमच्याकडं प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर उठवलेला असतो. कुठला स्क्रॅप, कार्बन किती, रस किती डिग्रीला ओतला, कुठल्या पाळीत, सगळं त्या नंबरवरनं निघतं. दहा वर्षांनी इंजिन फुटलं तरी कुठल्या दिवशीची हीट ते सांगतो आम्ही. आणि इथं सत्तर लाख वर्षांची भट्टी, सहा जळणं, एवढं लोखंड, आणि माल बाहेर आला तर वर नंबरच नाही?

आमच्या इन्स्पेक्शनवाल्यानं गेटवरनंच परत पाठवला असता. पोरीला हेच सांगितलो. ती वहीतलं नरसाळं खोडून त्या जागी बाभळ काढत बसलीय. पानं जरा मोठीच झाल्यात, पण मी काही बोललो नाही.